प्रवासात खाताना-पिताना कपडे कसे जपावेत: डबा भरण्यापासून डाग टिपण्यापर्यंत

माझा पुतण्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला लातूरहून पुण्याला निघाला, तो पांढरा शर्ट अंगात घालूनच रात्रीच्या बसमध्ये बसला. उतरल्यावर कपडे बदलायला जागा कुठे शोधायची, हा त्याचा विचार. पहाटे बस चहाला थांबली. स्वतःचा चहा त्याने खाली उतरून, उभं राहून, नीट प्यायला. मग जागेवर येऊन बसला आणि खिडकीजवळच्या काकांनी भरलेला कप पुढे केला, "जरा धर रे बाळा, मी बॅग वर ठेवतो." कप याच्या बोटांत येण्याआधी काकांची बोटं सुटली. खिशापासून कमरेपर्यंत चहा. स्टँडवर उतरून त्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज रडवेला झाला होता. त्या वेळी फोनवर घाईघाईने जे सांगितलं तेच इथे शांतपणे, क्रमाने लिहिते आहे. नव्याने एकट्याने प्रवास करणारी मुलं-मुली, लग्नाला परगावी निघालेली मंडळी, लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच लांब जाणारे आईबाप यांना डोळ्यांसमोर ठेवून.

त्या दिवसापासून मी गाडीत बसले की लोकांच्या हातांकडे बघते. घास तोंडात घालताना माणूस सावध असतो. त्याच्या हातून फारसं सांडत नाही. सांडतं ते देवघेवीत: कप या हातातून त्या हातात जाताना, डब्याचं घट्ट झाकण एकदम सुटताना, "घ्या ना थोडी भाजी" म्हणत चमचा दुसऱ्याच्या मांडीवरून नेताना. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हे क्षण पुन्हा पुन्हा येतील.

पायरी १: घालून जायचे कपडे आणि नेऊन घालायचे कपडे

जो कपडा मुक्कामी चांगला दिसायला हवा तो बॅगेतून न्या. पोहोचल्यावर बदलायला दहा मिनिटं लागतात. रेल्वे स्टेशनवर प्रतीक्षालय असतं, लग्नघरी एक तरी खोली असते, मुलाखतीच्या ठिकाणी स्वच्छतागृह असतं. एवढी खटपट नको वाटते म्हणूनच तर सगळी फजिती होते.

अंगावर घालायला बारीक छापाचा, मध्यम किंवा गडद रंगाचा सुती कपडा सगळ्यांत बरा. एकरंगी काळा किंवा गडद निळा सुरक्षित वाटतो, पण त्यावर दही, दुधाचा चहा, नारळाची चटणी वाळली की पांढरट ठसा लांबून दिसतो. बारीक फुलं किंवा चौकडी असेल तर लहानसा डाग त्यात हरवून जातो. पॉलिएस्टरवर पाणी चटकन मुरत नाही म्हणून काहींना ते प्रवासाला सोयीचं वाटतं. चहापुरतं ते ठीकही आहे. तेल मात्र पॉलिएस्टरला चिकटून बसतं आणि सुती कपड्यापेक्षा धुवायला त्रास देतं. आपल्या प्रवासातलं खाणं बहुतेक तेलाचंच, त्यामुळे मी सुतीच घालते.

लोंबणाऱ्या गोष्टी आवरा. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून मागे सोडा, नाहीतर वाकलं की तिचं टोक आधी डब्यात जातं. साडी असेल तर खायला बसण्याआधी पदर कमरेला खोचा. पूर्ण बाह्यांचा शर्ट असेल तर कफ दोन घड्या वर घ्या. आमटीत बुडतो तो हात नसून कफ असतो, आणि ते आपल्याला बऱ्याच वेळाने कळतं.

नेऊन घालायचा शर्ट किंवा कुर्ता स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड दुमडा. पैठणी किंवा कोणतीही जरीची रेशमी साडी आधी जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा आणि त्यावर प्रवासापुरती प्लॅस्टिकची पिशवी घाला. पोहोचल्यावर ती पिशवी लगेच काढा. आत दमट हवा कोंडली तर जर काळवंडते.

कपड्यांची बॅग आणि खाण्याची पिशवी वेगवेगळी असावी, यात तडजोड नको. चाकांच्या बॅगेत तर डबा मुळीच ठेवू नका. घरून निघताना ती उभी असते, म्हणून डबा सरळ आहे असं आपण समजतो. सीटखाली ती आडवी होते आणि रात्रभर तशीच पडून राहते.

पायरी २: डब्यात काय आणि डबा कसा

पूर्वी प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर दशम्या दिल्या जात. दुधात कणीक भिजवलेली, मऊ राहणारी, नुसत्या चटणीशीही पोट भरणारी पोळी. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कोरडी बटाट्याची भाजी हे सगळं त्याच घराण्यातलं. आज आपण हे पदार्थ टिकतात म्हणून आठवतो. मला त्यांचा दुसरा गुण तितकाच मोठा वाटतो: हे पदार्थ ओघळत नाहीत. डबा आडवा झाला तरी दशमी दशमीच राहते.

म्हणून पहिला नियम, रस्सा घरी ठेवा. उसळ न्यायचीच असेल तर पाणी आटवून अंगाबरोबर करा. पिठलं घट्ट हटवून घ्या. दहीभात आवडत असेल तर भात मोकळा न ठेवता दही-दूध मुरवून घट्ट गोळा होईल असा कालवा. लोणच्याच्या फोडी घ्या, खार घेऊ नका. शेंगदाण्याच्या चटणीत घालायचं तेल किंवा दही घरीच कालवून न्या. हलत्या गाडीत तेलाची बाटली तिरकी करण्याची वेळ येता कामा नये. सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे भाजी घरीच पोळीत घालून सुरळी करायची आणि खालचं टोक दुमडून ती बटर पेपरमध्ये घट्ट बांधायची. एका हातात मावते, वाढावाढ नाही, देवघेव नाही. वर्तमानपत्रात मात्र गुंडाळू नका. छपाईची शाई अन्नाला लागते, म्हणून एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही त्याला मनाई केलेली आहे, आणि तीच शाई फिक्या कपड्यावर बोटांचे काळे ठसेही उठवते.

आता डबा. बाजूला कडी असलेला स्टीलचा डबा पोळ्या-पुऱ्यांना छान, पण आमटीला विश्वासाचा नाही. पातळ काही न्यायचंच असेल तर झाकणात रबरी रिंग असलेला फिरकीचा डबा घ्या. नवा असो की जुना, आदल्या दिवशी तो पाण्याने भरून मोरीत दहा मिनिटं उलटा ठेवा. रिंग सैल झालेली असेल, चिरलेली असेल, तर थेंब दिसतील. ही परीक्षा मी दर मोठ्या प्रवासाआधी घेते, कारण रबर हळूहळू कडक होत जातं आणि डब्याच्या बाहेरून ते कळत नाही.

गरम भाजी भरून झाकण लगेच घट्ट लावू नका. आतल्या वाफेचं निवताना पाणी होतं, आत पोकळी होते आणि झाकण आत ओढलं जातं. मग ते गाडीत जोर लावून उघडावं लागतं. जोर लावला की झाकण एकदम सुटतं, आणि डबा त्या क्षणी नेमका मांडीवर असतो. भाजी कोमट होऊ द्या, मग बंद करा. उघडताना डबा सीटवर किंवा खाली टेकवा, अंगापासून लांब धरा आणि दातांनी, गुडघ्यात धरून वगैरे उघडायला जाऊ नका.

डब्याखाली एक फडकं अंथरून वर गाठ मारा. जुन्या बायका डबा फडक्यात बांधून देत त्यामागे हेच होतं. गळती झाली तर फडकं पितं, पिशवी कोरडी राहते आणि सोडल्यावर तेच फडकं ताटाखाली अंथरता येतं.

परदेशी मुलांकडे निघालेल्या आईवडिलांसाठी दोन ओळी. तूप निघायच्या आदल्या दिवशी फ्रिजमध्ये घट्ट थिजवून घ्या. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिक ताणून मग झाकण लावा, त्यावर चिकटपट्टी, मग चेनच्या पिशव्या दोन, एकीत एक. बॅगेत तिच्या भोवती टॉवेल ठेवा, शालू नव्हे. त्या देशात काय नेऊ देतात ते आधी पाहून घ्या.

पायरी ३: मांडीवर पंचा

बसलेल्या माणसाच्या अंगावर काही सांडलं की ते साठतं मांडीच्या खोलगट जागेत. छातीवर पडलेला थेंबही शेवटी तिथेच येतो. कागदी रुमालाने हे काम होत नाही. तो जरा वारा आला की उडतो आणि भिजला की फाटतो.

माझ्याकडे यासाठी एक जुना सुती पंचा आहे. अनेकदा धुवून मऊ झालेला, पाणी चटकन पिणारा, दोन तासांत वाळणारा आणि घडी केली की ओंजळीत मावणारा. नवा पंचा खळीमुळे पाणी नीट पीत नाही. दोन-तीनदा धुवून मग प्रवासाला काढा. सोलापुरी टर्किश टॉवेलचा लहान आकारही चालतो, फक्त तो जाड असल्यामुळे वाळायला वेळ घेतो.

पंच्याची चौपदरी घडी मांडीवर अशी घाला की गुडघ्यांच्या पुढे वीतभर लोंबेल. दुसरा लहान रुमाल गळ्याशी. तो राहत नाही अशी तक्रार असते, म्हणून कपडे वाळत घालायचे दोन चिमटे बरोबर ठेवा आणि रुमाल कॉलरला किंवा ओढणीला लावून टाका. मोठ्या माणसाने गळ्याशी रुमाल लावायला लाजू नये. समोरचे एकदा बघतात आणि मग आपल्या खाण्याकडे वळतात.

बसण्याची रीतही महत्त्वाची. पाठ टेकून, डबा पोटाशी धरून खाल्लं तर घासाला वीतभर प्रवास छातीवरून करावा लागतो. पाठ सोडा, कमरेतून पुढे वाका, तोंड डब्याच्या वर आणा. आपल्याकडे पंगतीत मांडी घालून जेवताना हेच होतं, थेंब पडला तर पानात पडतो. खालच्या बर्थवर जागा असेल तर सरळ मांडी घालून डबा समोर ठेवा.

पिशवीत आणखी थोडं सामान: एक चमचा, टाल्कम पावडरची छोटी डबी, साध्या पाण्याची बाटली आणि दोन रिकाम्या पिशव्या, एक ओल्या पंच्यासाठी, एक उष्ट्या-खरकट्यासाठी. एवढंच पुरतं.

पायरी ४: गाडी ओळखून खा

रेल्वेत धक्का कधी बसतो हे सांगता येतं, हा तिचा मोठा गुण. स्टेशनातून सुटताना, सिग्नलला थांबताना, रूळ बदलताना. चहा घ्यायचा तो गाडीने वेग धरल्यावर किंवा पूर्ण थांबलेली असताना. फलाटावरच्या चहावाल्याकडून सुटत्या गाडीत कप ओढून घेणं हा सगळ्यांत वाईट मुहूर्त. मुंबईहून पुण्याकडे येताना कर्जतला बऱ्याच गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिनं लावतात, कारण पुढे बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट असा उभा चढ आहे. इंजिन येऊन टेकतं तेव्हा धक्का जाणवतो. कर्जतचा वडा हातात असेल तर तो धक्का होऊन जाऊ द्या, मग चावा घ्या. वड्यातली कोरडी लसणाची चटणी मांडीवर पडली तर बोटांनी दाबू नका. ती भुकटी दिसते पण शेंगदाण्या-खोबऱ्याच्या तेलाने भरलेली असते, दाबली की छापा उमटतो. पंचा उचलून झटका.

डेक्कन क्वीनला, म्हणजे १ जून १९३० ला सुरू झालेल्या गाडीला, डायनिंग कार आहे. तिथे टेबलावर बसून आम्लेट-टोस्ट खाताना कळतं की टेबल किती काम करतं. जिथे समोर टेबल किंवा उघडणारा ट्रे असेल तिथे तो उघडा, पण त्यावर भरलेला कप ठेवून विसरू नका. पुढच्या प्रवाशाने खुर्ची मागे टेकवली की ट्रेही हलतो.

एसटीत किंवा कोणत्याही बसमध्ये धक्क्याचा अंदाज येत नाही. खड्डा, गतिरोधक, अचानक ब्रेक. त्यामुळे चालत्या बसमध्ये कोरडंच खा: पोळीची सुरळी, चिक्की, केळं, राजगिऱ्याचा लाडू. आंबा मुळीच नको. घाटात तर काहीच नको. आंबोली असो की वरंधा, वळणांवर पोट ढवळतं ते वेगळंच. बस थांबते तेव्हा खाली उतरून खा. तिथे घाई हा शत्रू असतो. कंडक्टरने दहा मिनिटं सांगितली असतील तर मिसळ मागवू नका. गरम तर्री, वर शेव, हातात पाव आणि कान हॉर्नकडे. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ आहे अशी खात्री असेल तर खुशाल मागवा, पण कट वाटीत वेगळा घ्या आणि लागेल तसा ओता. पाव बुडवून वाटीच्या काठाला टेकवा, तर्री निथळू द्या आणि मग उचला.

चहाबद्दल सविस्तर सांगायलाच हवं, कारण निम्मे डाग त्याचेच. कप अर्धा मागा. "अर्धाच द्या" म्हटलं की चहावाला वाईट मानत नाही. कागदी कपाला मधोमध दाबून धरलं की तो चेपतो आणि चहा वर येतो, म्हणून वरच्या काठाच्या जाड वळीजवळ धरा. एकात एक दोन कप मागितले तर बोटं भाजत नाहीत, आणि हात झटकला जात नाही. आता देवघेव. देणाऱ्याने कप घेणाऱ्याच्या मांडीवरून न नेता पुढच्या मोकळ्या जागेतून न्यावा. घेणाऱ्याने कप नीट हातात आल्यावर "धरला" असं मोठ्याने म्हणावं, आणि तो शब्द ऐकू आल्याशिवाय देणाऱ्याने सोडू नये. आमच्या घरात आता लहान मुलंही हे म्हणतात. पुतण्याच्या शर्टावरून शिकलेली ही गोष्ट आहे. वाटेत कोणी भरलेला कप "जरा धरा" म्हणून पुढे केला तर आधी स्वतःच्या हातातलं खाली ठेवा, मग दोन्ही हातांनी घ्या.

विमानात वेगळी अडचण. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा कमी केलेला असतो. त्यामुळे जमिनीवर बंद केलेल्या बाटलीतली हवा वर गेल्यावर फुगते. नळीच्या झाकणाची बाटली उघडली की आतलं पाणी नळीतून कारंज्यासारखं बाहेर येतं. आधी मुख्य झाकण अर्धा फेरा फिरवून हवा सोडा, मग नळी उघडा. दह्याच्या किंवा रसाच्या डबीवरचं चांदीसारखं पापुद्रं असलेलं झाकण आपल्याकडून समोरच्या बाजूला न ओढता, समोरून आपल्याकडे हळूहळू, डबी रुमालात धरून सोला. महाबळेश्वरला गेल्यावर वेफर्सची पाकिटं फुगलेली दिसतात, तीही याच कारणाने. ती तोंडासमोर फोडू नका.

लहान मुलांना भरवायचं असेल तर एकाने भरवावं आणि दुसऱ्याने मुलाचे हात खेळण्यात गुंतवावेत. भात-वरणाऐवजी दुधात कुस्करलेली पोळी, केळं, मऊ लाडू. जवळ एकाऐवजी दोन जोड कपडे मुलाचे आणि एक जोड आईचा किंवा बापाचा. मुलाचे कपडे सगळे घेतात, पण मूल ज्याच्या मांडीवर बसतं त्याचे कोणीच घेत नाही.

पायरी ५: सांडलंच तर पहिली दोन मिनिटं

गरम चहा अंगावर सांडला तर कपड्याचा विचार नंतर. भिजलेला कपडा त्वचेपासून दूर करा आणि त्या जागेवर साधं थंड पाणी दहा ते वीस मिनिटं वाहू द्या. टूथपेस्ट, तूप, हळद लावू नका. फोड आले किंवा लहान मुलाला भाजलं असेल तर डॉक्टर गाठा.

अंगाला काही झालेलं नाही अशी खात्री झाली की मग कपडा. सगळ्या डागांना लागू होणारी एकच गोष्ट: टिपा, घासू नका. घासलं की डाग धाग्यांच्या आत जातो आणि पसरतोही. घट्ट पदार्थ असेल तर आधी चमच्याच्या कडेने उचलून घ्या. मग कापडाच्या आतून एक घडी आणि वरून पंचा धरून, डागाच्या कडेपासून मध्याकडे, दाबत टिपा. भिजलेली बाजू बदलत राहा.

पुढे मात्र डाग कशाचा आहे ते बघून चाला.

चहा, कॉफी. चहातलं टॅनिन रंग धरतं आणि दुधातलं प्रथिन उष्णतेने कपड्यात घट्ट बसतं. म्हणून गरम पाणी नको. थंड पाणी थोडं थोडं ओतत टिपा. चहाचा डाग ओला असतानाच चांगला निघतो, त्यामुळे बेसिन लांब असेल तर बाटलीतलं पाणी लगेच वापरा. पुतण्याला मी हेच करायला लावलं. शर्टावर पिवळट सावली राहिली, पण टपकन नजरेत भरेल असा डाग उरला नाही.

तेल, तर्री, तूप, वड्याचा हात. इथे उलट, पाणी लावू नका. टिपून झाल्यावर डागावर टाल्कम पावडरचा जाड थर दाबून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत ती तेल ओढून घेते आणि पिवळसर दिसू लागते. झटका, लागलं तर पुन्हा घाला. पावडर नसेल तर तांदळाचं पीठ चालतं. बेसन नको, ते स्वतःच रंग सोडतं. घरी पोहोचल्यावर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चोळून मग धुवा.

हळद. या डागाला लोक सगळ्यांत जास्त घाबरतात आणि सगळ्यांत जास्त चुका करतात. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून आमटीच्या डागावर नुसतं पाणी मारत बसल्याने काही होत नाही. वरचं तेल पावडरीने ओढून घेतलं की त्याबरोबर पिवळा रंगही थोडा निघतो. घाईने साबण लावलात तर डाग क्षणात लालभडक होईल. घाबरू नका, कपडा वाया गेलेला नाही. साबण अल्कधर्मी असतो आणि हळद अल्कलीत लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. पाण्याने साबण निघून गेला की डाग परत पिवळा होतो. मग खरा उपाय उन्हाचा. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. धुतलेला सुती कपडा डागाची बाजू वर करून दुपारच्या उन्हात दोन दिवस ठेवा, पिवळा रंग फिका होत होत जातो. पांढऱ्या सुती कपड्यासाठी हे सर्वोत्तम. रंगीत कपडा उन्हात सबंध दिवस ठेवू नका, त्याचा स्वतःचा रंगही उडेल.

सोलकढी, कोकम सरबत, जांभूळ. कोकणातून परतताना हे हमखास. त्यांचा रंग आंबट द्रवात लाल-गुलाबी असतो आणि साबण लागला की निळसर-करडा होतो, आणि तो जास्त भयानक दिसतो. साबण लावण्याआधी भरपूर थंड पाण्याने रंग जेवढा निघेल तेवढा काढा. सोलकढीत नारळाचं दूध असतं, म्हणून पाण्यानंतर उरलेल्या तेलकट कडेवर पावडर लावा.

आमरस. आधी चमच्याने गर उचला, मग थंड पाणी. उरलेला केशरी रंग बऱ्याच अंशी साबण आणि ऊन यांनी जातो.

रेशीम. इथे माझं मत ठाम आहे: गाडीत पाणी, साबण, लिंबू, सॅनिटायझर काहीही लावू नका. रेशमावर एका जागी पाणी पडलं की पाण्याचीच कडा उमटते, जरीजवळ तर जास्तच. फक्त टिपा, तेलकट असेल तर पावडर घाला आणि हलकेच झटका. मग ड्रायक्लीनरकडे देताना डाग कशाचा आहे ते स्पष्ट सांगा, "चहा, दुधाचा, काल संध्याकाळी" असं. डाग कशाचा ते कळलं की त्याला योग्य द्रव निवडता येतो. क्लोरीनचं ब्लीच रेशीम आणि लोकर दोन्हींचा धागाच खातं, घरात कोणी सुचवलं तरी नको.

आणि इस्त्री. डाग गेला नसताना इस्त्री फिरवली तर उष्णतेने तो कायमचा बसतो. लग्नघरी पोहोचल्यावर घाईने ही चूक हमखास होते. डाग असेल तर निऱ्या उलट बाजूने घ्या, पदर दुसऱ्या खांद्यावर घ्या, वर शेला किंवा जॅकेट घाला, पण गरम इस्त्री लावू नका.

पोहोचल्यावर

खाण्याची पिशवी आधी रिकामी करा. ओला पंचा पिशवीत तसाच पडून राहिला तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते हळदीपेक्षा हट्टी असतात. तो धुवून दांडीवर टाका. डब्याची रबरी रिंग बोटाने काढून वेगळी धुवा, तिच्या खाचेत तेल राहतं. ती पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. डागाचे कपडे बाकीच्या कपड्यांबरोबर बादलीत भिजवू नका, आणि उन्हात घालायचे असतील तर सकाळीच घाला, म्हणजे दुपारचं सगळं ऊन मिळेल.